कौतिकने सारवलेली घरं

गेल्या पौषात कौतिक गेला. पारोळ्यातला एकही मोठा माणूस त्याला पोचवायला आला नाही, याचा मला संताप आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. बाजारात माझ्या कानांनी ऐकलं, "तो उंदीरवाला गेला म्हणे आज." झालं. माणसाने उभा जन्म गावासाठी राबावं आणि गावाने त्याला असं एका वाक्यात निकालात काढावं.

खांदा द्यायला आम्ही मोजके लोक होतो. पण बोरी नदीच्या उतारावर आलो तर तिथे दहा-बारा म्हाताऱ्या उभ्या. आमच्याकडे बायका मसणात येत नाहीत. त्याही पुढे आल्या नाहीत, उतारावरच थांबल्या. तीन-चार जणी काठी टेकत आलेल्या होत्या. तिरडी पुढे गेली तेव्हा एकेकीने वाकून जमिनीला हात लावला. परतताना रतिलाल मास्तरांनी मला विचारलं, "बन्सीभाऊ, या कोण लागत होत्या त्याच्या?" मी म्हटलं, "कोणी नाही." मास्तर गालातल्या गालात हसले. त्यांच्या मनात काहीतरी भलतंच आलं होतं. अंगाची लाही लाही झाली माझ्या, पण वेळ तशी नव्हती. घरी आलो, अंघोळ केली आणि हे लिहायचं ठरवलं.

मी बन्सीलाल. दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर होतो. औषधाच्या पुड्या बांधल्या, रजिस्टरं लिहिली, चार डॉक्टरांचा राग झेलला. कौतिक त्याच दवाखान्यात माझ्याही आधीपासून शिपाई. म्हणजे या माणसाबद्दल माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि जे मला माहीत आहे त्यात माझी स्वतःची लाजही आहे. ती शेवटी सांगितली असती तर सोपं गेलं असतं. पण ती मधेच येते, तेव्हा मधेच सांगेन.

कौतिक नदीपलीकडच्या खेड्यातला, चिंधा कुणब्याचा मुलगा. प्लेगच्या एका साथीत त्याचे आई-बाप, दोन भाऊ आणि बायको अकरा दिवसांत गेली. शेवटी त्याच्या जांघेत गाठ आली. ती फुटली, वाहिली आणि कसा कोण जाणे, तो जगला. एक पाय कायमचा ओढत राहिला. घरात उरली धाकटी बहीण भिकुबाई. तिचं लग्न झालेलं होतं, पण त्याच साथीने तिचा नवराही नेला. दोघं भावंडं गाव सोडून पारोळ्याला आली. प्लेग होऊन गेलेला माणूस सरकारला हवाच असायचा, त्याला पुन्हा सहसा होत नाही असं मानत. कौतिकला मेलेले उंदीर उचलून जाळायचं काम मिळालं. भिकुबाई सोहनलाल शेठच्या घरी धान्य निवडायला आणि सारवणाला जाऊ लागली.

त्या काळात साथ आली की काय व्हायचं, ते आजच्या पोरांना ठाऊक नाही. घरात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव बाहेर निघायचं. माळावर तुराट्यांच्या झोपड्या घालायच्या, घरांना कुलपं लावायची, आणि दोन-तीन महिने थंडीत काढायचे. बाहेर जायचं कधी ते उंदीर सांगायचे. परत कधी यायचं ते कोणी सांगत नसे. जोशीबुवांनी मुहूर्त दिला की लोक परतायचे, आणि कैक घरांत परतलेल्या आठवड्यातच पुन्हा रडारड सुरू व्हायची.

परतायचीही एक रीत होती. बंद घर उघडलं की आधी मालक आत जात नसे. आधी मजूर बाई जायची. ती घर झाडायची, कडुनिंबाचा धूर करायची, भिंतींना पोतेरं फिरवायची आणि अंगणापासून कोठारापर्यंत सगळी जमीन सारवायची. तिचं काम दोन-तीन दिवस चालायचं. मग मुहूर्तावर मालक कुटुंबासह आत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगू.

भिकुबाई मात्र घाबरायची. सगळं घरदार डोळ्यांसमोर गेलेलं, का नाही घाबरणार? तिने एक नेम केला होता. साथीनंतर कोणाचंही घर उघडायचं असलं की ती आधी भावाला विचारायची, "भाऊ, जाऊ का?" त्याने जा म्हटलं तरच उंबरा ओलांडायची. शेठ-सावकार रागावले, काम गेलं, तरी तिने हा नेम मोडला नाही. आणि कौतिकही स्वतः त्या घराभोवती दोन फेऱ्या मारल्याशिवाय तिला हो म्हणत नसे. सगळ्या कुळात त्याला ती एकच उरली होती. तिला तो जपायचा, डोळ्यांत तेल घालून जपायचा.

एकोणीसशे अकराच्या हिवाळ्यात आमच्या डॉक्टरांनी मुंबईहून जनावरं मागवली. अमळनेर स्टेशनवरून बैलगाडीने खोकी आली. आत मांजराच्या पिल्लाएवढे, शेपूट नसलेले, गुबगुबीत प्राणी. डॉक्टर त्यांना गिनीपिग म्हणत, लोक म्हणत सायबाचे उंदीर. कौतिक त्यांना विलायती ससे म्हणायचा. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर उभं करून समजावलं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा खाली उतरतात आणि रिकाम्या घरात उपाशी बसून राहतात. माणसाला त्या दिसत नाहीत. हे जनावर आत सोडलं की पिसवा त्याच्यावर चढतात. त्यांच्यात विष असलं तर जनावर चार-सहा दिवसांत मरतं. आठ दिवस जगलं तर घर चांगलं.

"माणसाच्या आधी आत काहीतरी जिवंत पाठवायचं, एवढीच यातली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि कौतिक, रोज स्वतः आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. जनावर कशासाठी आहे ते लोकांना सांगत बसू नकोस. उगाच बोभाटा होईल."

पहिलं जनावर रुपचंद पाटलाच्या घरात ठेवलं. सहाव्या दिवशी ते कोपऱ्यात मरून पडलेलं सापडलं. डॉक्टरांनी चिरून पाहिलं, प्लेगच. रुपचंद पाटलाला अजून महिनाभर झोपडीत राहायला सांगितलं तेव्हा त्याने कौतिकच्या बापाचा उद्धार केला. तो पाटील आणि त्याची सहा पोरं आजही धडधाकट आहेत. कौतिकच्या मौतीला त्यांच्यापैकी कोणी आलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

कौतिकला त्या मुक्या प्राण्यांचा लळा लागला होता. कोवळा घास, भिजवलेले हरभरे, आपल्या भाकरीतला तुकडा, काय काय द्यायचा. एखादं मेलं की त्या दिवशी तो जेवत नसे. भिकुबाईने एकदा विचारलं, "भाऊ, ते जनावर घरमा कसाले ठेवतस?" हा म्हणाला, "डॉक्टरनं काम शे ते. तुले काय करनं?" तिला वाटायचं, भाऊ घरात जाऊन मेलेले उंदीर शोधतो आणि त्यावरून सांगतो. हे एवढंसं बोलणं ध्यानात ठेवा.

मग सोहनलाल शेठच्या घराची पाळी आली. मोठं घर. मागे कणग्यांची खोली, तिच्यात सरकीची पोती, आणि शेजारीच स्वयंपाकघर. त्या खोलीत साथीच्या सुरुवातीला घमेलंभर उंदीर पडले होते. शेठ स्वभावाने सालस, कधी वर आवाज नाही. पण घरात चालायचं त्यांच्या आईचं, चंदनबाईचं. फार धार्मिक बाई. दिवस मावळायच्या आत जेवण, गाळलेलं पाणी, सकाळी मुंग्यांना पीठ, पाखरांना ज्वारी. तिच्या दारातून भिकारी उपाशी गेला नाही. मी तिला वाईट म्हणणार नाही. वाईट असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

रुपचंदच्या घरातलं जनावर मेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ती लेकाला म्हणाली, "जीव मरावा म्हणून तो माझ्या घरात आणून कोंडायचा? हे पाप माझ्या उंबऱ्याच्या आत नको." शेठ पेचात सापडले. डॉक्टरांचं ऐकलं नाही तर सरकारची नाराजी, आईचं ऐकलं नाही तर ती अन्न सोडणार. त्यांनी मधला मार्ग काढला. कौतिक पिंजरा घेऊन ओट्यावर गेला तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "कौतिकभाऊ, राग मानू नका. तुमचे हात मेलेल्या उंदरांचे. आत चूल आहे, देवघर आहे. पिंजरा मी नेतो. तुम्ही रोज घास आणून द्या, मी घालतो आणि तुम्हाला सांगतो."

कौतिक अडखळला. तो तसाच माझ्याकडे आला. मी औषधं खलत होतो. म्हणाला, "बन्सीभाऊ, शेठ आत येऊ देत नाही. डॉक्टर तं सोता देखाले सांगतस. काय करू?"

आता माझी लाज. त्या दिवशी डॉक्टर एरंडोलला गेले होते. मला शेठच्या घरचं मीठ लागलेलं, सणावाराला ताट यायचं. शेठला कशाला दुखवा, असं मला वाटलं. मी म्हटलं, "अरे, सोहनशेठ जन्मात खोटं बोललेले नाहीत. ते खरंच सांगत असतील. तू विचारून ये, मी लिहितो."

आठ दिवस हेच चाललं. सकाळी कौतिक घास घेऊन ओट्यावर उभा राहायचा. शेठ माळावरून येऊन कुलूप काढायचे, घास घेऊन आत जायचे आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणायचे, "मजेत आहे. छान खातंय." कौतिक मला येऊन सांगायचा, आणि मी रजिस्टरच्या खणात लिहायचो: जिवंत. डॉक्टर परतल्यावर त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि मान हलवली. मी काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी शेठ पिंजरा घेऊन ओट्यावर आले. पांढरं जनावर, एका डोळ्यावर तपकिरी पट्टा. आणलं होतं त्यापेक्षा चांगलं गुबगुबीत झालेलं, अंग तुकतुकीत. अंधाऱ्या घरांतून कौतिकने आजवर काढलेली जनावरं, जगलेलीसुद्धा, धुळकट आणि भेदरलेली असायची. कौतिकला फरक दिसला. पण त्याला आनंदच झाला. मला म्हणाला, "बन्सीभाऊ, शेठनी काय जीव लावलाय त्याला." त्याने चौकटीवर चुन्याचं बोट ओढलं. घर चांगलं असल्याची ती खूण होती. पिंजरा मात्र चंदनबाईने मागून घेतला, चार दिवस राहू द्या म्हणाली, आणि डॉक्टरांनी हसून परवानगी दिली.

त्याच संध्याकाळी भिकुबाई आली. मी तिथेच होतो. शेठचा मुहूर्त पाच दिवसांवर होता आणि त्याआधी घर झाडून-सारवून व्हायला हवं होतं. तिने नेहमीचं विचारलं, "भाऊ, जाऊ का?"

"जाय," कौतिक म्हणाला. "घर साफ शे."

ती हसली आणि गेली. तीन दिवस तिने ते घर झाडलं. कणग्यांच्या मागची जाळी काढली, सरकीची पोती हलवली, गुडघ्यांवर बसून कोपरा न् कोपरा सारवला. चौथ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत डोळे लाल झाले, जीभ अडखळायला लागली, आणि काखेत गाठ हाताला लागली.

गावाबाहेर रोग्यांसाठी वेगळी झोपडी होती. कौतिकने तिला पाठीवर घेऊन तिथे नेलं. डॉक्टर आले. पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ही कोणत्या घरात गेली होती?" कौतिक म्हणाला, "सोहनशेठच्या." डॉक्टर म्हणाले, "ते घर तर चांगलं आहे." कौतिक तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत राहिला. मी औषधाची बाटली हातात धरून दारात उभा होतो.

डॉक्टर गेल्यावर भिकुबाईला जरा शुद्ध आली. कौतिकने तिला विचारलं, आणखी कोणाच्या घरी गेलती का. ती नाही म्हणाली. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पन ते जनावर तं आठ दिन त्या घरमा व्हतं. त्याले काहीच व्हयनं नही."

"कोनतं? ते पांढरं?" भिकुबाई म्हणाली. "ते घरमा कोठे व्हतं? ते तं पहिला दिनपासून चंदनमायजीना झोपडीमा व्हतं. मीच तं त्याले मेथी निवडी देऊ."

कौतिकच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"तू माले सांगं कसं नही?"

"तू इचारं कोठे, भाऊ," ती म्हणाली. "डॉक्टरनं काम शे म्हने तू."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. तिला अजूनही कळलं नव्हतं की आपण काय सांगितलं. ते बरंच झालं. दोन दिवस ती भ्रमात आईला हाका मारत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. वय पुरतं तेवीससुद्धा नव्हतं.

सोहनलाल शेठ आणि त्यांचं कुटुंब वाचलं. भिकुबाई आजारी पडली हे कळताच त्यांनी मुहूर्त मोडला आणि माळावरच राहिले. नऊ माणसं, त्यात दोन तान्ही. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं खरंच झालं. माणसाच्या आधी आत काहीतरी जिवंत पाठवलं गेलं, ते मेलं, आणि घरात विष आहे हे सगळ्यांना कळलं. फक्त पिंजऱ्यातलं जनावर झोपडीत मेथी खात होतं आणि त्याच्या जागी कौतिकची बहीण होती.

डॉक्टरांनी चौकशी केली. शेठ हात जोडून म्हणाले, "मी खोटं बोललो नाही, साहेब. जनावर मजेत आहे म्हणालो, ते मजेतच होतं. घरात आहे असं मी कधी म्हणालो नाही." आणि हे खरं होतं. सत्याच्या व्रताने बांधलेला माणूस, खोटं त्यांच्या तोंडून निघणारच नाही. मग डॉक्टर कौतिककडे वळले, "तुला काय सांगितलं होतं मी?" कौतिक म्हणाला, "चूक मनी शे. मी देखं नही." मी तिथे होतो. मी याला पाठवलं, मी लिहिलं, असं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी मूग गिळून उभा राहिलो. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. कौतिकने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी तो चंदनबाईच्या झोपडीसमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, म्हणून मी मागोमाग गेलो. चंदनबाई डोक्यावर पदर ओढून बाहेर आली. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. म्हणाली, "कौतिकभाऊ, मी जीव वाचवायला गेले."

"वाचवला तुम्ही, मायजी," कौतिक म्हणाला. "कोणाच्या बदल्यात, ते तुम्हाला माहीत नव्हतं. मीच कोणाला सांगितलं नव्हतं. आता ते जनावर द्या."

"कशाला?"

"त्या घरात ठेवायचं आहे."

तिने कोणाला हाक मारली नाही. स्वतः आत गेली, टोपलीतून ते जनावर काढून तिने पिंजऱ्यात ठेवलं आणि पिंजरा कौतिकच्या हातात दिला. या वेळी कौतिकला कोणी ओट्यावर अडवलं नाही. तो चुलीवरून, देवघरावरून सरळ कणग्यांच्या खोलीत गेला. रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन त्याच्याजवळ बसायचा. पाचव्या दिवशी ते मेलं. कौतिकने ते स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर आणून ठेवलं, आणि मला म्हणाला, "लिहा." मी लिहिलं.

चंदनबाई पुढे बारा वर्षं जगली. मुंग्यांना पीठ घालायचं तिने सोडलं नाही, पण भिकुबाईच्या तिथीला ती पाणीसुद्धा घेत नसे. हे मला शेठनीच सांगितलं.

मला वाटलं होतं कौतिक नोकरी सोडेल. त्याने सोडली नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडले, पुन्हा खोकी आली. कौतिकने प्रत्येक मालकाला सांगितलं, मी रोज आत येईन, माझ्या डोळ्यांनी बघेन, नाहीतर चुन्याचं बोट ओढणार नाही. पाटील असो, शेठ असो, वकील असो. त्याच्या आवाजात असं काही होतं की कोणी वाद घातला नाही.

आणि त्याने आणखी एक सुरू केलं, ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. आठ दिवस जनावर जगलं, खूण ओढली, तरी तो मजूर बायांना आत जाऊ देत नसे. आधी तो स्वतः जायचा. झाडू घ्यायचा, शेणाची पाटी घ्यायचा, आणि लंगडा पाय बाजूला टाकून जमिनीवर बसून सगळं घर सारवायचा. मग पाच दिवस वाट पाहायचा. पाच दिवस आपल्याला ताप आला नाही की मग बायांना म्हणायचा, "आते जा बठ्ठ्या," म्हणजे आता सगळ्या जा.

पुरुषाने सारवायचं म्हणजे खान्देशात केवढी नामुष्की. लोकांनी त्याची टर उडवली, सारवण्या म्हणायला लागले. त्याला सुरुवातीला जमायचंही नाही, पोपडे निघायचे. बाया उंबऱ्याबाहेर उभ्या राहून शिकवायच्या. ताईबाई नावाची एक तोंडाळ होती, ती ओरडायची, "भाऊ, हात उलटा फिरव, पोळी लाटतोस का काय?" तोही हसायचा. बहिणीच्या मागे त्याला हसताना मी तिथेच पाहिलं, दुसरीकडे नाही.

डॉक्टरांनी त्याला बजावलं, एकदा प्लेग झाला म्हणजे पुन्हा होणारच नाही, याची खात्री मी देत नाही. कौतिक म्हणाला, "माहीत शे." एवढंच. साथी ओसरेपर्यंत, म्हणजे चांगली पंधरा-सोळा वर्षं, पारोळ्यातलं एकही बंद घर त्याच्या आधी कोणा बाईने उघडलं नाही. एकदा, भोसल्यांच्या आळीत, जनावर जगलं होतं आणि कौतिकला ताप आला. सात दिवस तो त्याच रोग्यांच्या झोपडीत पडून होता. उठला. त्या घरात त्या दिवशी ताईबाई जाणार होती.

आता कळलं ना मास्तर, त्या उतारावरच्या बाया कोण होत्या?

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी एक डॉक्टर आफ्रिकेतून परत आले आणि दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला होते. ते सांगत होते, तिकडच्या जंगलात डासांमुळे पिवळा ताप येतो. तो रानात पसरलाय का हे कळावं म्हणून झाडांवर पिंजरे बांधून त्यात माकडं ठेवतात. डास माकडांना चावतात, मग माकडांचं रक्त तपासतात. माकडाला बाधा झाली की आसपासच्या वस्त्यांना सावध करायचं. मला हे फार नवलाचं वाटलं. संध्याकाळी मी मुद्दाम कौतिकच्या खोलीवर गेलो. तो तेव्हा थकला होता, बाजेवरून फारसा उठत नसे. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, आपण पारोळ्यात केलं तेच तिकडे मोठ्या प्रमाणावर चाललंय बघ.

तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "त्या झाडवर रोज कोन चढस?"

"म्हणजे?"

"माकड पिंजरामा शे का नही, ते रोज कोन देखस? सोताना डोयाघाई?"

मी म्हटलं, "बघत असतील ना कोणीतरी."

चौतीस वर्षांत त्याने त्या गोष्टीबद्दल मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. त्या संध्याकाळीही आवाज चढवला नाही. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असतील नको म्हनू, बन्सीभाऊ."

मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि उठून घरी आलो.